पस्तिशीनंतरची शिकाऊ उमेदवारी

(संस्थेच्या शीव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावी-बारावीनंतर मुलांनी काय करावे, या विषयावर अशा मेळाव्यांतून दरवर्षी भाषणे होतात. ती व्हायलाच हवीत. परंतु आज मी मुलांकडे पाठ फिरवून, मागच्या रांगांत बसलेल्या पालकांकडे तोंड करून बोलणार आहे. मुलगा पुढे कोण होणार, हे आपण सारेच विचारतो. त्याच्या वडिलांना पुढे काय व्हायचे आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. जणू पस्तिशी उलटली की माणसाचे शिकणे संपले आणि उरले ते फक्त राबणे! ही समजूत चुकीची आहे, आणि ती आपल्या घरांना महागात पडते आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

शाळेत प्रवेश घेताना पालक जो अर्ज भरतात, तो आम्हा शिक्षकांच्या हातून जातो. त्यात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. शीव, धारावी, चुनाभट्टी, कुर्ला, अँटॉप हिल या भागातील अर्ज चाळले तर त्या रकान्यात मेकॅनिक, वायरमन, वेल्डर, टेलर, ड्रायव्हर, सुतार, जरीकाम, चामड्याचे काम असे शब्द भेटतात. शेजारच्या 'शिक्षण' या रकान्यात सहावी, आठवी, नववी नापास असे लिहिलेले असते. पहिला रकाना सांगतो की या माणसाच्या हातात पंधरा-वीस वर्षांचे हुन्नर आहे. दुसरा रकाना सांगतो की सरकारच्या, बँकेच्या आणि मोठ्या कारखान्याच्या दप्तरी या हुन्नराची नोंद नाही. माणूस एकच, पण एका रकान्यात तो उस्ताद आहे आणि दुसऱ्या रकान्यात अडाणी. या दोन रकान्यांमधील अंतर कसे कमी करता येईल, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

हा प्रश्न काही दोन-चार घरांपुरता नाही. न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या समाजातील कामकरी माणसांत पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या हातावर पोट असलेल्यांचे प्रमाण अधिक आहे, आणि कारागिरीच्या कामांत समाजाचा वाटा मोठा आहे, हे त्या अहवालाने दाखवून दिले. म्हणजे हुन्नर हीच आपल्यापैकी अनेकांची इस्टेट आहे. शेताला सातबारा असतो, घराला कागद असतो. या इस्टेटीला मात्र कागद नाही.

हे हुन्नर आपल्याकडे आले ते उस्ताद-शागीर्द परंपरेतून. या परंपरेला मी कमी लेखत नाही. पोरगा गॅरेजमध्ये लागतो तेव्हा पहिले काही महिने चहा आणणे, रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुणे, उस्तादांनी मागितला तो पाना नेमका हातात देणे, एवढेच त्याचे काम असते. पण त्या काळात त्याचे डोळे आणि कान शिकत असतात. इंजिनाचा आवाज ऐकून आत काय बिघडले ते सांगणारे कारागीर मी पाहिले आहेत. ही विद्या पुस्तकात सापडत नाही.

परंतु या परंपरेत दोन उणिवा आहेत. पहिली ही की, तिच्यात लिहिणे नाही. शागीर्द कधी आला, काय काय शिकला, कोणत्या कामात पक्का झाला, याचा कुठेही दाखला राहत नाही. उस्ताद अल्लाला प्यारे झाले की साक्षीदारही संपला. दुसरी उणीव ही की, उस्तादांची विद्या जिथे थांबते तिथे शागीर्दाचीही थांबते. यंत्र बदलले नाही तोवर हे चालून जाते. यंत्र बदलले की उस्ताद आणि शागीर्द दोघेही एकदमच मागे पडतात.

याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथे तयार होणारी फियाट, जिचे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले, ती अनेक दशके मुंबईची टॅक्सी होती. कारखान्यातून नवी गाडी येणे २००० सालाच्या सुमारास बंद झाले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती अधिकृत टॅक्सी म्हणून राहिली नाही. या गाडीवर आपल्या कितीतरी कुटुंबांची रोजी चालली. तिचा कार्ब्युरेटर खोलून जेट साफ करणे, पॉइंटमधील फट पात्याने मोजून नीट करणे, टायमिंग लावणे, ही कामे डोळे मिटून करणारे कारागीर सायन-कुर्ल्याच्या गल्लीगल्लीत होते.

मध्यंतरी धुराविषयीचे नियम कडक होत गेले. मुंबईसारख्या शहरांत भारत स्टेज चार २०१० साली आले, देशभर ते २०१७ साली लागू झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून एकदम भारत स्टेज सहा आले. मोटारींतून कार्ब्युरेटर आधीच गेला होता. आता तो नव्या दुचाक्यांतूनही जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्टर आले. पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचे हे आता इंजिनाला जोडलेला एक छोटा संगणक ठरवतो. हवा किती आली, इंजिन किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, हे त्याला निरनिराळे सेन्सर कळवतात. बिघाड झाला की तो संगणक एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो आणि तो क्रमांक वाचायला स्कॅनर लागतो. त्यात आता विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांत तर इंजिनच नाही.

अशा वेळी वीस वर्षांचा अनुभवी मेकॅनिक काय करतो? तो म्हणतो, "या नव्या गाड्यांत काही दम नाही." मग गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाते. तिथे बावीस वर्षांचा आय.टी.आय. झालेला मुलगा स्कॅनर लावतो आणि काम मिळवतो.

परंतु नीट पाहिले तर या अनुभवी माणसाचे सारेच ज्ञान वाया गेलेले नाही. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, बेअरिंग, स्टिअरिंग ही कामे अजून आहेतच. हात सवयीचा आहे, कान तयार आहे. कमी आहे ते एवढेच: विजेची मूलतत्त्वे, मल्टिमीटरचा वापर, तारांच्या जोडणीचा नकाशा वाचणे, आणि स्कॅनरवर येणारे शंभरेक इंग्रजी शब्द. सोळा वर्षांच्या मुलाला दोन वर्षे शिकवावे लागते, तेवढे या माणसाला शिकवावे लागत नाही. त्याला त्याच्याजवळ नसलेला तेवढाच भाग शिकवायचा असतो. अनुभवी माणसाची शिकाऊ उमेदवारी म्हणतात ती हीच. शून्यापासून आरंभ नव्हे; असलेल्या भिंतीवर पुढचा मजला चढवणे.

पुढचा मजला न चढवल्यास काय होते, हे या शहराने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. गिरण्या का मोडल्या याची कारणे अनेक आहेत, आणि त्याचा दोष कामगारांच्या माथी मारणे हा अन्याय होईल. पण एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. लालबाग-परळच्या ज्या माणसाने वीस वर्षे साच्यावर काढली होती, तो गिरणीबाहेर पडला तेव्हा त्याचा अनुभव दुसरीकडे चालेना. त्याचे कसब एका यंत्राशी बांधलेले होते. दुसऱ्या धंद्याला मान्य होईल असा कागद त्याच्यापाशी नव्हता, आणि नवे शिकून घेण्याची सोय ज्या काळी करायला हवी होती, त्या काळी म्हणजे पगार चालू असताना, कोणी केली नव्हती. शिकायचे ते नोकरी चालू असताना. नोकरी गेल्यावर पोटाची घाई माणसाला शिकू देत नाही.

आता कोणी विचारील, "मास्तर, शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे ना?" आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री, यंत्रकारागीर अशा व्यवसायांत कारखान्याने मुले घ्यावीत, त्यांना काम शिकवावे, विद्यावेतन द्यावे, आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळावे, अशी ही योजना. १९७३ साली तीत पदवी-पदविकाधारक अभियंते आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने तिचा व्याप आणखी वाढला. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. माझ्यासमोर बसलेल्या छोट्या कारखानदारांनी हे दुसरे वाक्य ध्यानात ठेवावे. आपल्या धारावीतील वर्कशॉपलाही हे दार उघडे आहे.

पण खरे सांगायचे तर हा कायदा मुख्यतः तरुणांसाठी आहे. २०१९ साली ठरलेले किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये होते. २०२५ साली ते वाढवण्याची शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने केली. अठरा वर्षांच्या मुलाला ही रक्कम ठीक आहे. ज्याच्या घरी चार तोंडे आहेत, खोलीचे भाडे आहे, मुलांच्या फिया आहेत, त्याने चालते काम सोडून या विद्यावेतनावर यावे असे मी कसे म्हणू? म्हणून त्याला वाट हवी ती वेगळी. काम न सोडता शिकण्याची.

अशी वाट या देशात नाही असे नाही. ती इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मध्य रेल्वेचा माटुंगा वर्कशॉप १९१५ चा आणि परळचा वर्कशॉप १८७९ चा. रेल्वेत ज्युनियर इंजिनिअरच्या जागा भरताना सर्वसाधारण नियम असा आहे की, निम्म्या जागा बाहेरून परीक्षेने भरायच्या, पाव जागा बढतीने भरायच्या, आणि उरलेल्या पाव जागा सेवेत असलेल्या कुशल कारागिरांतून परीक्षा घेऊन भरायच्या. या शेवटच्या पाव हिश्शातून निवडलेल्या माणसाला 'इंटरमिजिएट अप्रेंटिस' म्हणतात. किमान तीन वर्षांची सेवा आणि ठरावीक शालेय किंवा तांत्रिक पात्रता असलेला फिटर, वेल्डर किंवा मशिनिस्ट या परीक्षेला बसतो. निवड झाली की तो पुन्हा शिकाऊ होतो, वर्गात बसतो, निरनिराळ्या विभागांत काम शिकतो, आणि मग ज्या कामावर आपण पाना चालवला त्याच कामावर देखरेख करणारा होतो. बाहेरच्या उमेदवारापेक्षा त्याला वयाची बरीच सवलत असते. त्याची नोकरी सुटत नाही, सेवा मोडत नाही. चाळिशीच्या घरातील माणूस 'अप्रेंटिस' म्हणवून घेतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या कोकणी कुटुंबांना सांगायला नको. रत्नागिरी-रायगडची कितीतरी घरे जहाजावरच्या नोकरीवर उभी राहिली. जहाजावर माणूस किती महिने होता, कोणत्या हुद्द्यावर होता, हे सारे त्याच्या सीडीसी पुस्तिकेत नोंदलेले असते. ही नोंदलेली सेवा, त्यापुढचा अभ्यासक्रम आणि परीक्षा, यांच्या बळावर खलाशाला वरच्या दर्जाच्या प्रमाणपत्राकडे जाता येते. समुद्रावरचा आणि गॅरेजमधला अनुभव सारख्याच कष्टाचा. मग एकाला शिडी आहे आणि दुसऱ्याला नाही, असे का? कारण एकाचा अनुभव लिहिलेला आहे आणि दुसऱ्याचा नाही.

परदेशात हा प्रश्न कसा सोडवला आहे हेही पाहू. जर्मनीत शिकाऊ उमेदवारीची पद्धत फार जुनी आणि पक्की आहे. तिथेही ज्याने उमेदवारी केली नाही, पण प्रत्यक्ष काम केले आहे, अशा माणसाची सोय कायद्यात आहे. उमेदवारीचा जो काळ ठरलेला असेल त्याच्या दीडपट काळ त्या व्यवसायात काम केल्याचे दाखवले, की त्याला थेट अंतिम परीक्षेला बसता येते. उमेदवारी तीन वर्षांची असेल तर साडेचार वर्षांचे काम दाखवायचे. तेथील उमेदवारी पुरी केलेला कारागीर पुढे 'मास्टर'ची परीक्षा देतो, आणि मग त्याला स्वतः शागीर्द घेऊन शिकवता येते.

इंग्लंडचा अनुभव आपल्याला सावधही करतो. तिथे २०१७ पासून ज्यांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांहून अधिक आहे अशा मालकांकडून अर्धा टक्का कर घेऊन तो शिकाऊ उमेदवारीसाठी राखला जाऊ लागला, आणि जुन्या नोकरांनाही वयाची अट न घालता त्यातून शिकण्याची मुभा मिळाली. कल्पना चांगली. परंतु बऱ्याच मालकांनी तो पैसा आपल्या जुन्या आणि वरच्या नोकरांवरच खर्च केला आणि नव्या पोरांच्या वाट्याला कमी उमेदवाऱ्या आल्या. शेवटी जानेवारी २०२६ पासून पदव्युत्तर दर्जाच्या उमेदवारीवरचा हा पैसा बहुतांशी २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांपुरता ठेवावा लागला. यातून बोध असा की, बापाचे शिकणे मुलाच्या जागेवर येता कामा नये. दोघांची सोय वेगवेगळी हवी.

आता आपल्या हाती आज काय आहे ते सांगतो. बोलणे लांबवीत नाही. पण हा भाग कृपा करून लिहून घ्यावा.

पहिली गोष्ट, शालेय पात्रता. पुष्कळ ठिकाणी गाडी अडते ती दहावीच्या प्रमाणपत्रावर. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही वाट आहे. दहावी-बारावीच्या पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्या माणसांना शिकवीत आहे.

दुसरी गोष्ट, व्यवसायाची परीक्षा. आय.टी.आय.मध्ये न शिकलेल्या, पण त्या व्यवसायात काही वर्षे काम केलेल्या माणसाला अनुभवाचा दाखला देऊन अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खाजगी उमेदवार म्हणून बसण्याची तरतूद आहे. वय, अनुभवाची वर्षे आणि शिक्षण यांच्या अटी व्यवसायागणिक पाहाव्या लागतात. त्या जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन विचाराव्यात. विजेचे काम करणाऱ्यांनी राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना मिळवण्याचा जरूर प्रयत्न करावा. विनापरवाना वायरमन दुसऱ्याच्या नावावर राबतो. परवाना असलेला स्वतःच्या नावावर काम घेतो.

तिसरी गोष्ट, पूर्वानुभवाची मान्यता. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून ही सोय आहे. माणूस आधीच जे जाणतो ते तपासून त्याला प्रमाणपत्र द्यायचे. हे चांगले आहे. पण यात थोडा धोकाही आहे. दोन दिवस बसवून, फोटो काढून, हाती कागद दिला म्हणजे नवे काही शिकवले असे होत नाही. असे प्रमाणपत्र घ्यावे, परंतु तो पहिला टप्पा समजावा. मान्यता मिळाली, आता जो भाग येत नाही तो शिकायचा आहे, अशी त्याकडे पाहण्याची दृष्टी हवी.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची आहे. उद्यापासून एक वही घाला. तारीख, कोणते काम आले, बिघाड काय होता, आपण काय केले, एवढ्या चार ओळी रोज लिहा. स्वतःला लिहिणे जड जात असेल तर मुलाला किंवा मुलीला सांगा. मालक असेल तर वर्षातून एकदा त्याच्या लेटरहेडवर कामाचा दाखला घ्या. पी.एफ. कापला जात असेल तर त्याचा उतारा जपून ठेवा. वर्षभराने ही वही घेऊन तुम्ही कुठल्याही कार्यालयात गेलात तर 'मी बरीच वर्षे काम करतो' एवढेच सांगणाऱ्या माणसापेक्षा तुमचे म्हणणे अधिक ऐकले जाईल. शिवाय लिहिता लिहिता तुम्हालाच कळेल की कोणत्या कामात आपण पक्के आहोत आणि कुठे अंदाजाने चालवतो.

हे सारे ऐकून काही पालक मनात म्हणत असतील, "या वयात पोराएवढ्या मास्तरापुढे बसायचे? लोक काय म्हणतील?" खरा अडसर हाच आहे. पैशाची अडचण असते, वेळेचीही असते. पण त्यांच्याही आधी आड येतो तो संकोच. मी त्यांना एवढेच सांगेन की कामकऱ्याने रात्री शिकणे ही आपल्या मुलखातील नवी चाल नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. इथे मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि परळच्या गिरणगावात कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. भायखळ्याची साबू सिद्दिक संस्था १९३६ सालापासून आपल्या समाजातील मुलांच्या हाती तांत्रिक शिक्षण देत आली आहे. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसला; आपल्याला तर पंख्याखाली बाकावर बसायचे आहे.

माता-भगिनींनाही माझी एक विनंती आहे. घरचा कर्ता आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गाला जाऊ लागला, तर त्या दोन दिवसांचा ओव्हरटाइम बुडेल, घरखर्चात ओढाताण होईल. हे ओझे शेवटी तुमच्यावरच येते. म्हणून हा निर्णय त्याने एकट्याने घेऊ नये. हिशेब मांडून दोघांनी घ्यावा. किती महिने, किती रुपये कमी येतील, आणि परवाना मिळाल्यावर किती वाढतील, हे कागदावर मांडा. आणि शिकणे हे फक्त पुरुषांचे आहे असेही नाही. घरी शिलाई आणि जरीकाम करणाऱ्या भगिनींचे हुन्नरही कुठे नोंदलेले नाही. वही त्यांनीही घालावी.

छोट्या कारखान्यांचे मालक इथे आहेत. त्यांची भीती मला ठाऊक आहे. "शिकवले की माणूस सोडून जातो." काही जण जातीलही. पण न शिकवलेला माणूस राहिला आणि नवे काम परत पाठवावे लागले, तर तोटा कोणाचा? शिकायला दोन तास लवकर सोडलेला कारागीर मालकाची आठवण ठेवतो, असा व्यवहारातला अनुभव आहे.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे मी एक सूचना नम्रपणे ठेवतो. आपल्या शाळेची इमारत, तिची प्रयोगशाळा आणि संगणक संध्याकाळी सहानंतर बंद असतात. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास, काम करणाऱ्या पालकांसाठी एक वर्ग सुरू करावा. विषय चारच असावेत. कामापुरते गणित, यंत्राचा नकाशा वाचणे, विजेची मूलतत्त्वे, आणि धंद्यातले इंग्रजी शब्द. विज्ञान आणि गणित शिकवायला आम्ही शिक्षक आळीपाळीने येऊ. प्रत्यक्ष काम दाखवायला आपल्याच पालकांतले उस्ताद बोलवावेत. त्यांना त्या वर्गात शिक्षकाचाच मान द्यावा. आणि परिसरात कोण कोणते हुन्नर जाणतो, किती वर्षे करतो, याची एक नोंदवही संस्थेने ठेवावी. अर्ज कसा भरायचा, परीक्षा केव्हा आहे, हे सांगणारा एक माणूस महिन्यातून एकदा बसला तरी पुष्कळ काम होईल. यासाठी मोठा निधी लागणार नाही. चाव्या वेळेवर मिळाल्या तरी पुरे.

आता मागे वळून विद्यार्थी मित्रांशी दोन शब्द. तुमचे वडील फॉर्म भरताना अडखळले तर हसू नका. तुम्हाला मोबाइलवर जे दोन मिनिटांत येते ते त्यांना शिकवा, आणि त्यांना हाताने जे येते ते त्यांच्याकडून शिका.

आणि पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. हुन्नराची एवढी थोरवी गायली म्हणून कोणी आठवीतल्या मुलाचे नाव काढून त्याला गॅरेजवर बसवू नये. "मीही असाच शिकलो" हे कारण आता चालत नाही. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. आता चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, आणि अठरा वर्षांपर्यंत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी आजचे यंत्र शाळा सोडलेल्याच्या हाती लागत नाही. मुलाने आधी शाळा पुरी करावी, मग आय.टी.आय. किंवा उमेदवारी करावी. वडिलांनी आज जे अर्धवट राहिले ते पुरे करावे. दोघेही एकाच घरात, एकाच दिव्याखाली अभ्यास करीत बसले, तर मुलाला अभ्यास कर म्हणून वेगळे सांगावे लागणार नाही.

सभा संपल्यावर मी दाराशी एक कोरी वही घेऊन उभा राहणार आहे. ज्यांना संध्याकाळच्या वर्गात यायचे असेल त्यांनी आपले नाव, काम आणि किती वर्षांचा अनुभव ते तीत लिहावे. पंचवीस नावे झाली तर वर्ग सुरू करण्याची मागणी घेऊन मी स्वतः अध्यक्ष महाशयांकडे येईन.